दगडाचं सोवळं

आमच्या घरी दर शनिवारी एक दगड जेवायचा. हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं, माझी नातवंडंही हसतात. लिंबाहून जरासा मोठा, काळाभोर, एका अंगानं चपटा असा तो दगड होता, आणि दिसायला जेवढा वाटायचा त्याहून हातात घेतल्यावर जड लागायचा. देवघरात शाळिग्रामाच्या शेजारी त्याची शिसवी डबी असे. शाळिग्रामाला तुळस आणि दूध मिळायचं, याला काळी रेती. मोर्णेचा पूर ओसरला की काठाला काळ्या बारीक रेतीचे पट्टे उरतात. अकोल्याच्या माणसाला ते सांगायला नको. ती रेती मी ओच्यात भरून आणायची, आई ती उन्हात वाळवायची, आणि शनिवारी अंघोळ झाली की बाबा ती पितळेच्या परातीत पसरून दगड तिच्यावरून फिरवायचे. पांढरी, तपकिरी रेती परातीत पडून राहायची आणि काळी तेवढी उठून त्याला बिलगायची, अंगावर काटा आल्यासारखी ताठ उभी राहायची. "जेवला गा," असं बाबा म्हणाले की मग आमची पानं वाढली जायची. कण्या, त्यावर फोडणीचं ताक, कडेला लसणाचा ठेचा. दगडाच्या आधी कुणी घास उचलला तर आत्या सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची.

माझे बाबा वैद्य होते. काढे, लेप, चाटणं हे सगळं ते करायचेच, पण आमच्या घराचं नाव होतं ते या लोहचुंबकामुळं. कुणाच्या हातापायात सुईचं टोक मोडलं, नांगराच्या फाळाची कपची घुसली, की तो माणूस आमच्या ओसरीवर यायचा. बाबा जखमेवर आधी जवसाचं पोटीस बांधून ती मऊ करायचे, मग दगड अगदी जवळ धरायचे आणि दम धरून, हळूहळू मागे घ्यायचे. कातडी आतून टोचल्यासारखी वर यायची, माणूस "अव माय!" म्हणून ओरडायचा आणि टक् असा बारीक आवाज यायचा. तो आवाज ऐकायला मी दाराआड उभी राहायची. पण बाभळीचा काटा, काच, तांब्याची तार असं काही असलं की बाबा दगड बाहेर काढायचेच नाहीत. "हे त्याचं काम नोहे," म्हणायचे आणि चिमटा घ्यायचे.

कोणती वस्तू त्याचं ऐकते आणि कोणती नाही, हा आम्हा बापलेकीचा शनिवारचा खेळ होता. मी घरभर हिंडून एकेक वस्तू आणायची. तांब्याचा पैसा, काही नाही. आईची चांदीची जोडवी, काही नाही. आत्याच्या पेटीतला सोन्याचा मणी आणला तेव्हा दगडानं तर काही केलं नाहीच, आत्यानं मात्र माझा कान पिळला. कापसाचं बोंड आणलं तर बाबा हसले, म्हणाले, "त्याले वारा ओढते, दगड नाही ओढत." गंजून पार भुगा झालेला खिळा थोडासाच हलायचा, बाबा त्याला बहिरा म्हणायचे. परातीच्या खालून दगड फिरवला की वरची काळी रेती त्याच्यामागं पळायची, म्हणजे त्याची ओढ पितळेतून आरपार जायची, पण ती परात स्वतः तसूभर हलायची नाही. "पितळ काहून नाही हलत?" मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "तिच्यात ओढच नाही, तं तिचा काय दोष?" आणि सगळ्यात नवल सुईचं. शिवणाची सुई दगडावर एकाच दिशेनं घासत राहिलं की तीच दुसऱ्या सुईला उचलायला लागायची. माझ्या सुईच्या घरात अशी एक सुई मी जपून ठेवली होती आणि मैत्रिणींपुढं तिचा मोठा तोरा मिरवायची.

त्या वर्षांत वऱ्हाडात पैसा नुसता उतू जात होता. गोऱ्यांच्या मुलखात कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, त्यापायी आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या भावानं चालला होता. दिवाळी झाली की गल्लीतून कापसाच्या गाड्यांची रीघ लागायची. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, हाकलणाऱ्यांच्या शिव्या आणि उडालेली पिंज. आमच्या ताकातही कापसाचे तंतू निघायचे. ज्वारी खाणारी घरं गव्हाच्या पोळ्या लाटायला लागली. वलगावचा एक शेतकरी गुडघ्याच्या औषधाला अकोल्याला आमच्याकडं यायचा, त्यानं एकदा बायकोसाठी घेतलेला चांदीचा कंबरपट्टा मोठ्या हौसेनं फडक्यातून सोडून बाबांना दाखवला. मी बापडी खेळाच्या नादात. दगड त्याच्याजवळ नेला आणि पट्टा सटकन येऊन चिकटला. आत लोखंड, वरून नुसता मुलामा. त्या बिचाऱ्यानं पट्टा ओढून सोडवला आणि म्हणाला, "बुवा, माह्या बायकोच्या समोर हा दगड काढू नका बाप्पा!" आम्ही पोट धरून हसलो. आमच्या घरातलं तसं हसणं मला त्यानंतरचं आठवत नाही.

माझा थोरला भाऊ वामनदादा. बाबांनी त्याला नाडी शिकवली, वनस्पती ओळखायला शिकवल्या, दगड कसा धरायचा तेही शिकवलं. पण त्याचं चित्त अमरावतीत. तिथं कापूस दाबून त्याच्या गठाणी बांधायचा मोठा कारखाना निघाला होता आणि लिहितावाचता येणाऱ्या पोरांना तिथं हातोहात उचलत होते. एका शनिवारी परातीपाशी बसल्या बसल्या तो बोलून गेला, "बाबा, सारं वऱ्हाड कमावून राहिलं, आन आपण दगडाले जेवू घालून राहिलो." बाबांनी हातातली रेती खाली ठेवली. भांडण असं झालं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "जाय. पण डोळे सांभाळजो. तथी लोखंड लय उडते." दादा गेला. आई मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन रडली आणि आत येऊन भाकऱ्या थापायला बसली.

बाबा म्हणाले ते खरंच होतं. वऱ्हाडात इतकं लोखंड आधी कधी आलंच नव्हतं. आगगाडीचे रूळ पडत होते, कारखान्यांत यंत्रं बसत होती, आणि प्रत्येक गठाणीला लोखंडी पट्ट्या आवळल्या जात होत्या. त्या पट्ट्या छिन्नीनं तोडायच्या, तेव्हा बारीक कपच्या गोळीसारख्या उडायच्या. अकोल्याच्या कापसाच्या अड्ड्यावरही तेच. तिथून एका सकाळी सोनबाला आमच्याकडं आणलं. सोनबा महारवाड्यातला, हमालीचं काम करणारा, आडव्या हाडाचा माणूस, पण त्या दिवशी लेकरासारखा थरथरत होता. कपची डोळ्यात गेली होती, बुबुळाच्या अगदी कडेला. तो आमच्या मागच्या दाराबाहेर, उकिरड्याच्या बाजूला उभा राहिला, कारण त्याला तेवढंच येता यायचं. त्याच्या जातीचं कुणी आलं तर बाबा लांबून औषध टाकायचे, ही त्या वेळची रीत. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण होतं ते असं होतं.

डोळ्याचं काम लांबून होत नाही. बाबा क्षणभर उभे राहिले, मग डबी घेऊन अंगणाच्या बाहेर गेले, सोनबाला खाली बसवलं आणि त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. डाव्या हातानं पापण्या ताणून धरल्या, उजव्या हातात दगड. "हलू नको गा," बाबा म्हणाले. "नाही हलत, बुवा," सोनबा म्हणाला आणि त्यानं मातीत बोटं रोवली. मी दाराशी उभी. टक्. बाबांनी दगड वर धरला, त्याच्या टोकाला मोहरीएवढी चमकती कपची होती. सोनबानं डोळा उघडला, पाणी वाहत होतं, आणि तो बाबांकडं बघून म्हणाला, "दिसून राहिलं, बुवा. तुमी दिसून राहिले." बाबांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मी विसरणार नाही. पण मागच्या दारात आत्याही उभी होती.

आत्या बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. आमच्या घराचं सोवळंओवळं तिच्या ताब्यात. वाईट होती असं मी म्हणणार नाही. मला ताप आला की रात्र रात्र उशाशी बसायची. पण तिच्या जगण्यात दुसरं काही उरलंच नव्हतं, तिला धरून राहायला तेवढंच होतं. बाबांनी अंघोळ केली, जानवं बदललं, धोतर भिजवलं. तिचं समाधान झालं नाही. "तुही अंघोळ झाली. दगडाची काय?" तिनं विचारलं. "देवघरात कसा ठेवतो तो?" संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीत पसरली आणि दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा चार माणसं घेऊन ओसरीवर येऊन बसले.

मी चुलीपाशी भाजी निवडत ऐकत होते. बाबा म्हणाले, "दगडाला कसली आली शिवाशिव?" शास्त्रीबुवा अगदी गोड बोलले. लोखंड ज्याच्या आज्ञेत तो लोखंडाच्याच जातीचा; तांब्याची शुद्धी आंबटानं, काशाची राखेनं आणि लोहाची अग्नीनं, हे आम्ही काही नवीन सांगत नाही, तुम्ही जाणते आहात.  मग शास्त्रीबुवा उठता उठता म्हणाले, "तुमच्या गोदीला सासरी धाडायची आहे ना यंदा? अमरावतीची मंडळी कर्मठ आहेत. त्यांच्या कानावर काही जाऊ नये, एवढंच." गोदी म्हणजे मी. लग्न होऊन गेलेलं, शहाणी झाले की सासरी जायचं, असं होतं. माझ्या नावानं त्या दगडाचा गळा घोटला गेला, आणि मला त्या माणसाचा अजून, या वयातही, इतका राग येतो की माळ हातातून गळते.

मागच्या अंगणात गोवऱ्या आणि बाभळीचे कोळसे पेटवले. आत्यानं फुंकणी घेतली. बाबांनी दगड चिमट्यात धरून निखाऱ्यांच्या मधोमध ठेवला. वैद्याच्या घरी धातू तापवून विझवणं काही नवं नव्हतं. पोटात द्यायच्या लोहभस्मासाठी बाबा वर्षातून एकदा ते करायचेच. पण ओढणाऱ्या दगडाला त्यांच्या आधी कुणी आगीत घातलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. ते दोनदा म्हणाले, "पुरे का आता, ताई?" आणि आत्या म्हणाली, "लाल होऊ दे." तो लाल झाला. आधी जांभळट, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा. मग बाबांनी उचलून गोमूत्रानं भरलेल्या तांब्याच्या पातेल्यात सोडला. असा काही फुत्कार उठला की आई घरातून धावत बाहेर आली. वास तर कितीतरी दिवस अंगणातून गेला नाही. आत्यानं त्याला पुसलं, गंध लावलं आणि डबीत ठेवलं. "झालं बाप्पा एकदाचं," ती म्हणाली आणि त्या दिवशी आनंदानं तिनं आम्हाला पुरणाचं केलं.

शनिवारी बाबांनी परात घेतली, रेती पसरली, दगड फिरवला. रेती हलली नाही. पुन्हा फिरवला. चपटी बाजू लावली, टोक लावलं. चार-दोन कण अंगाला लागले, तेही ओलाव्यानं.  आत्या म्हणाली, "आगीतून आला, थकला असेल. उपास समज." तो उपास काही सुटला नाही. बाबांनी त्याला तेलात ठेवलं, उन्हात ठेवलं, उत्तर-दक्षिण करून ठेवलं. जेवणं व्हायची, पण दगड न जेवता आम्ही जेवतोय म्हणून प्रत्येकाच्या पानात अर्धं तसंच उरायचं. बाबांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, घरातली गोष्ट घरातच राहील. दादालाही कळवायचं नाही. तो हसेल, असं त्यांना वाटलं असावं. कुणी कपची घेऊन आलंच तर आई दारातून सांगायची, बुवा बाहेरगावी गेले. आणि बाबा आत, माजघरात, भिंतीला टेकून बसलेले असायचे.

माझा नातू नागपूरला कॉलेजात शिकतो. मागच्या सुटीत त्यानं मला सांगितलं, "आजी, चुंबक लाल होईतो तापवला की त्याची ओढ जाते. पुस्तकातच आहे." वर म्हणाला की विजेची तार भोवती गुंडाळून ती परतही आणता येते. पोरगा हुशार आहे, प्रेमानं सांगत होता. मी त्याला म्हटलं, "तू थोडा लवकर जन्माला यायचा होतास रे." त्याला वाटलं आजी गंमत करते. मी उठून आत गेले आणि पदर तोंडाशी धरून किती तरी वेळ तशीच बसले.

वामनदादा आला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला. रूळ पडले होते, पण आगगाडी चालू व्हायची होती, त्यामुळं अमरावतीहून बैलांच्या दमणीत, बडनेरा, मूर्तिजापूर असा हादरे खात तो आला. डोळ्यावर फडकं बांधलेलं. गाडीतून उतरतानाच हसत म्हणाला, "बाबा, तुमी म्हणाले तेच झालं. पण लोखंड तं लोखंड, आपल्या घरचंच गिऱ्हाईक!" एक गठाण फोडून माल तपासायचा होता, हा वही घेऊन शेजारी उभा, छिन्नीचा घाव पट्टीवर बसला आणि कपची सरळ डोळ्यात. कारखान्याच्या माणसानं त्याला लगेच सरकारी दवाखान्यात न्यायची तयारी केली होती. गोरा डॉक्टर होता तिथं. पण यानं ऐकलं नाही. सोनबाचा डोळा वाचल्याची बातमी अमरावतीला पोचली होती. पुढची बातमी कुणी पोचवलीच नव्हती. "माह्या बापाच्या हातात दगड असताना मी काहून कोणाकडं जाऊ?" असं त्यानं त्या लोकांना सांगितलं होतं, आणि आम्हालाही ते मोठ्या अभिमानानं सांगितलं.

 बाबांनी फडकं सोडलं. डोळा लालबुंद, सुजलेला, कडेला पू धरायला लागलेला, आणि बुबुळात सुईच्या टोकाएवढं काळं भोक. बाबांनी डबी आणली. मला वाटलं, ते आता खरं काय ते सांगतील. त्यांनी दगड काढला, दादाचं डोकं मांडीवर घेतलं, पापण्या ताणल्या आणि दगड जवळ नेला. हळूहळू मागे घेतला. परत नेला. दादा निपचित पडून होता, त्याचा पूर्ण विश्वास होता, म्हणूनच तर तो इतका शांत होता. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळून त्याच्या गालावर पडला. काहीच झालं नाही.

"काय झालं, बाबा?" दादानं विचारलं.

बाबांनी दगड खाली ठेवला. म्हणाले, "पितळ दिसते."

"पितळ? नाही बाबा, गठाणीची पट्टी होती. मी पाहिली ना. लोखंडच."

"यंत्राले पितळेचे भाग असतात. त्यातलंच उडालं असेल. पितळ याचं ऐकत नाही, तुले माहीत आहे."

"पण बाबा..."

"पितळच आहे म्हणतो ना मी!" बाबा ओरडले. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं.  वडिलांनी लोखंडाला पितळ म्हटलं आणि त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्याला हाच दगड आणि हीच माणसं माहीत होती. बाबा उठून लेपाची वाटी शोधायला लागले. पितळेवर करतात तो लेप. आत्या देवघरात जप करत होती, तिचा आवाज मोठा मोठा होत गेला.

तेव्हा माझी आई बोलली. ती चौघांत कधी बोलायची नाही. बाबांना काही सांगायचं तरी माझ्या तोंडून सांगायची. ती सरळ पुढं आली आणि म्हणाली, "काय पितळ सांगून राहिले लेकराले? दगड मेला आपला. तुमी अन् ताईंनी जाळून मारला त्याले. लोखंडच आहे ते. आता तरी खरं सांगा, नाही तं ह्याचा डोळा जाईल."

दादा उठून बसला. त्यानं उघड्या डोळ्यानं आधी आईकडं पाहिलं, मग बाबांकडं. "मेला म्हणजे?" तो म्हणाला.  मी धावत जाऊन माझी सुई आणली, तिच्यात अजून ओढ होती, ती दगडानं जिवंतपणी दिलेली. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, दोऱ्याला बांधली, डोळ्यासमोर टांगली. सुई थरथरली आणि हळूच दादाच्या डोळ्याकडं वळली. म्हणजे लोखंडच होतं, आता शंकाच नको. पण तिची ताकद ती केवढी! तिनं नुसतं दाखवलं, बाहेर मात्र काही आलं नाही. आईनं बाबांच्या हातातून दोरा काढून घेतला आणि गाडीवाल्याला हाक मारली.

त्याच पावली आई आणि बाबा त्याला घेऊन अमरावतीला उलटे निघाले. पुढचं आईनं मला नंतर सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळा पाहिला आणि दुभाष्याला म्हणाला, हा लगेच का आणला नाही? डोळा काढावा लागला. कपचीपायी तो आतून सडला होता. आणि दुसराही डोळा जाईल अशी जी भीती डॉक्टरनं घातली होती तीच खरी ठरली: दादा घरी परत आला, जखम भरली, आणि मग एका सकाळी, गेलेल्या डोळ्यानं चहाडी केल्यासारखा, दुसरा डोळाही लाल झाला. आधी त्याला दिव्याभोवती धुकं दिसायला लागलं, मग माणसं सावल्यांसारखी, मग तेही नाही. पावसाळा लागायच्या आत माझा पंचविशीतला भाऊ दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. मी हे साध्या वाक्यांत लिहिते, कारण दुसरं कसं लिहायचं ते मला येत नाही. त्या घरात तेव्हा जे दिवस गेले, त्यांत उजाडलं काय आणि मावळलं काय, सारखंच.

सोनबाला कुठून तरी कळलं. तो मागच्या दारी येऊन त्याच जागी उभा राहिला. बाबा बाहेर गेले. मी आणि आई दाराआड. "बुवा," तो म्हणाला, "माह्या डोळ्यापायी झालं का हे? लोक म्हणून राहिले." त्याचे दोन्ही डोळे चांगले होते आणि दोन्हींतून पाणी येत होतं. बाबांनी मान हलवली, नाही म्हणाले, मग पुन्हा नाही म्हणाले आणि तिथंच मातीत खाली बसले. सोनबालाही त्यांना उठवायला हात देता येईना. दोघं तसेच, हातभर अंतर ठेवून, रडत बसले. मी पुढं झाले तर आत्यानं मला मागं ओढलं. तिचा हात मी झिडकारला, तेवढंच माझ्या हातून झालं.

मी सासरी आले. शास्त्रीबुवांनी काहीही केलं असतं तरी आले असते असं पुढं कळलं. माझ्या सासऱ्यांना त्या गोष्टीची फिकीर नव्हती, त्यांना कापसाच्या भावाची होती. लढाई संपली, भाव गडगडले, अमरावतीचा तो कारखाना बंद पडून त्याच्या दाराला टाळं लागलं. बाबांनी वैद्यकी सोडली. दगडाचं काय केलं, ते मी कधी विचारलं नाही. आत्या त्यानंतर लवकरच गेली. जाताना ती शुद्धीत होती आणि तिला कसलाही पश्चात्ताप नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

दादा घरातच असायचा. बाबा आणि तो एकाच माजघरात बसायचे आणि दिवस दिवस बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं. पण येणाजाणारा कुणी हळहळला, डोळे कसे गेले विचारायला लागला, की दादा ठरलेलं उत्तर द्यायचा: "पितळेची कपची गेली होती. पितळेवर आमच्या बाबांचा तरी काय इलाज?" इतक्या सहज म्हणायचा की ऐकणाऱ्याला खरं वाटायचं. समोर बाबा बसलेले असायचे. आई उठून आत जायची.

बाबांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी माहेरी होते. दुपारची वेळ, दारं उघडी, उन्हाची तिरीप भिंतीवर. आई पाणी आणायला गेली होती, मी दाराआड होते. बाबांनी डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात हाक मारली, "वामन."

दादा चाचपडत त्यांच्या अंथरुणाशी सरकला. "हाव, बाबा."

"आता कोणी नाही. खरं सांग मले. काय होतं ते?"

दादानं उत्तर दिलं. "पितळ होतं, बाबा."

बाबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं नव्हतं. त्यांना शिक्षा हवी होती. निदान एकदा कुणी तरी, ज्याला अधिकार होता त्यानं, तोंडावर खरं बोलायला हवं होतं. "तूही माह्यासारखंच बोलायला शिकला रे," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

दादानं हात पुढं केला. तो बाबांच्या तोंडापर्यंत पोचला नाही, पाठीला लागला. त्यानं तो तिथंच ठेवला, आणि पाठ हलायची थांबली तरी काढला नाही.